कमलची हाक

आज उधन्यात आमच्या गल्लीत कोणीतरी कडुनिंब कापला आणि ओल्या भुशाच्या त्या कडवट वासानं मला कामरेजच्या शेतात नेलं. वादळानं कललेला, आतून पोकळ झालेला निंब मी एकटाच पाडत होतो. माझी बायको कमल भाकरी घेऊन आलेली. झाडाच्या दुप्पट उंचीएवढी लांब बसून ती सारखी हाक मारायची, "अहो, आहात ना?" मी वैतागून ओ द्यायचो. एकदा मुद्दाम गप्प राहिलो, तर ती धावत थेट झाडाखाली आली. मी तिला हाताला धरून ओढलं आणि निंब तिथंच कोसळला.

"ओ द्यायला काय झालं होतं तुम्हाले?" ती रडत म्हणाली.

आता हाक मारायला कमल नाही. तरी आज गल्लीत उभ्या उभ्या मी ओ दिली.