ओतलेलं आणि पुसता येणारं

बांधकामावरची माणसं तिला माघारी 'रेघबाई' म्हणायची, तोंडावर मॅडम. तिच्या कचेरीत भिंतभर एक तक्ता असायचा आणि त्यावर प्रत्येक कामाची एक आडवी रेघ. पाया, खांब, गिलावा, रंग, सगळं आपापल्या जागी. आधीची रेघ संपल्याशिवाय पुढची सुरू व्हायची नाही. आयुष्यभर तिनं पाण्याच्या टाक्या बांधल्या, पूल बांधले, आणि एकाही उद्घाटनाला पाहुण्यांना ओल्या रंगावर बसावं लागलं नाही. नवऱ्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, दुकानातली सगळी घड्याळं मी बायकोवर लावतो.

निवृत्ती जवळ आली असताना तिच्याकडे एका मोठ्या इस्पितळाचं काम आलं. नवजात बाळांचा विभाग जुन्या इमारतीत होता आणि छताचे पोपडे निघायला लागले होते. एक पोपडा तर थेट बाळाच्या काचेच्या पेटीवर पडला. बाळ वाचलं, पण अधीक्षकांची झोप उडाली. थंडी पडायच्या आत नव्या इमारतीत विभाग हलवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

नव्या विभागात आणखी एक गोष्ट व्हायची होती. प्रत्येक बाळाचा श्वास आणि ठोके एकाच पडद्यावर दिसणार, काही बिघडलं की गजर वाजणार. ही संगणकाची बाजू पाहणाऱ्या गटाचा म्होरक्या तिशीतला होता. त्याच्या खोलीत तक्ता नव्हता. होता एक पांढरा फळा आणि त्यावर रंगीबेरंगी चिठ्ठ्या. दर पंधरवड्याला कामाचा छोटा तुकडा करायचा, सिस्टरांना दाखवायचा, त्या म्हणतील तसा बदलायचा, ही त्याची रीत. मुकादमानं पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव चिठ्ठ्याबुवा ठेवलं आणि ते चिकटलंही.

रेघबाईचं आणि चिठ्ठ्याबुवाचं पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. तिनं विचारायचं, तुझं काम नक्की संपणार कधी. त्यानं म्हणायचं, सिस्टरांना हवं तसं झालं की. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली की हा मुलगा पूल बांधायला लागला तर आधी अर्ध्या नदीवर बांधेल आणि लोकांना विचारेल, आवडला का. तिकडे तो आपल्या माणसांना सांगायचा की मॅडमचा तक्ता म्हणजे दगडावरची रेघ, बाळं मोठी होऊन शाळेत गेली तरी हलायची नाही.

असे तीन महिने गेले. मग एका सकाळी विभागाची मोठी सिस्टर अर्धवट इमारतीत आली. हयातभर तिनं कच्च्या दिवसांची बाळं सांभाळली होती. नकाशावर तिचं टेबल जिथं दाखवलं होतं तिथं ती जाऊन उभी राहिली, मान इकडून तिकडे वळवली आणि म्हणाली, "बाई, इथून मला कोपऱ्यातली पेटी दिसत नाही."

मधे खांब होता. रेघबाई तिच्या जागी जाऊन उभी राहिली. खरंच दिसत नव्हतं. सिस्टरनं नकाशा पाहून सही केली होती, रेघबाईनंही केली होती, पण कागदावर खांब म्हणजे एक काळा ठिपका. त्याच्याआडून कुणाला डोकवावं लागत नाही.

खांब ओतून झालेला, तो हलणं शक्यच नव्हतं. टेबल हलवता आलं असतं, पण मग विजेच्या तारा आणि प्राणवायूच्या नळ्या दुसरीकडून न्याव्या लागल्या असत्या. तक्त्याप्रमाणे येत्या सोमवारी त्या भिंतीत जाणार होत्या आणि भिंत बंद होणार होती.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. आजवर कुठलंही काम तिनं थांबवलं नव्हतं. नवरा ताट झाकून ठेवता ठेवता म्हणाला, "अगं, घड्याळ अगदी वेळेवर चालत असलं आणि काटेच दिसत नसले, तर गिऱ्हाईक मला काय म्हणेल?"

ती चिडली, कारण उत्तर तिला माहीत होतं.

सकाळी तिनं तक्त्यावरची ती रेघ पुसली. वरच्या मजल्याचा गिलावा अलीकडे घेतला, गवंडी तिकडे लावले, आणि खालची भिंत दहा दिवस उघडी ठेवली. अधीक्षक भडकले. वेळ हातची जाईल, वर उत्तर कोण देणार, असं बरंच बोलले. तिनं शांतपणे सांगितलं की आत्ता दहा दिवस उघडी ठेवलेली भिंत नंतर फोडण्यापेक्षा परवडेल, आणि उत्तर मी देईन.

मग ती आपणहून चिठ्ठ्याबुवाच्या खोलीत गेली. म्हणाली, "तुझी ती दाखवण्याची आणि बदलण्याची पद्धत मला हवी आहे. पण माझ्या इमारतीत, माझ्या नजरेखाली."

सुतारानं प्लायवूडची टेबलं आणि आडोसे उभे केले. जमिनीवर खडूनं पेट्यांच्या जागा आखल्या. पेट्यांत बाळांच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवल्या. चिठ्ठ्याबुवाच्या माणसांनी संगणकाचा एक पडदा चाकाच्या गाड्यावर बसवून आणला. सिस्टर यायच्या, तासभर खरंच काम असल्यासारख्या धावायच्या आणि मग तक्रारी सांगायच्या. टेबल तीनदा हललं. हात धुवायचं भांडं डावीकडून उजवीकडे गेलं, कारण डाव्या हातावर बाळ असलं की मोकळा हात उजवा. दार पेटीला पुरत होतं, पण पेटीसोबत चालणाऱ्या सिस्टरला पुरत नव्हतं. खडू पुसला, पुन्हा आखला. रेघबाईला ह्या पुसापुशीत चक्क मजा यायला लागली.

दहाव्या दिवशी भिंत बंद झाली. त्यानंतर कुणी टेबल वीतभर सरकवा म्हटलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

खरी चकमक पुढे झाली. हलवण्याचा दिवस तोंडावर आला असताना कुणीतरी म्हणालं की गजर फार कर्कश आहे, आणि चिठ्ठ्याबुवानं उत्साहाच्या भरात तो बदलायला घेतला. ती त्याच्या फळ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पडद्याचे रंग बदल, अक्षरं मोठी कर, काय वाटेल ते कर," ती म्हणाली. "पण गजर आता ओतला असं समज. ओतलेल्याला हात लावायचा नाही."

"मॅडम, हे सिमेंट नाही. एका दिवसात होईल."

"होईल. आणि पुन्हा सगळं तपासायला?"

तपासायला दोन आठवडे लागले असते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यानं गजराची चिठ्ठी काढली, दुमडली आणि खिशात घातली. त्या दिवसापासून दोघांनी वाटणी केली. जे एकदा बसलं की उपसता येत नाही ते तिच्या तक्त्यावर, तारीख आणि सहीसकट. जे पुसता येतं ते त्याच्या फळ्यावर. एखादी गोष्ट कुठली हे ठरेना तर दोघं मोठ्या सिस्टरकडे जायचे, आणि ती एकच विचारायची, ह्यात चूक झाली तर बाळाला भोवेल का? भोवेल म्हटलं की गोष्ट तक्त्यावर.

विभाग हलवायच्या आधी दर आठवड्याला तालीम झाली. पहिल्या तालमीत लिफ्ट मधेच दुसऱ्या कुणी बोलावली. दुसरीत दोन इमारतींना जोडणाऱ्या पुलाच्या सांध्यावर गाड्याची चाकं धडकली. दर वेळी एक उणीव सापडायची आणि पुढच्या खेपेला ती नसायची.

आणि तो दिवस उजाडला. जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत सतरा बाळं न्यायची होती. क्रम तक्त्यावर होता, तो मोडायचा नाही. प्रत्येक बाळ पोचलं की वाटेतली माणसं काय अडलं ते सांगायची आणि पुढच्यासाठी तेवढं सुधारायचं. सगळ्यात लहान बाळ किलोभराचंही नव्हतं. त्याची आई चाकाच्या खुर्चीत मागून येत होती आणि तिचे डोळे पेटीवरून ढळत नव्हते. लिफ्ट लिफ्टमननं धरून ठेवली होती. सांध्यावर रबराची पट्टी होती. पेटी आत आली, नळ्या जोडल्या गेल्या, आणि पडद्यावर ठोक्यांची हिरवी रेघ उमटली. एक ठोका, मग दुसरा, मग सलग.

दुपारच्या जेवणाआधी सतराच्या सतरा बाळं आपापल्या जागी होती. मोठी सिस्टर टेबलाशी बसली, मान वळवली आणि कोपऱ्यापर्यंत पाहून घेतलं. मग खुर्ची जवळ ओढली आणि कामाला लागली.

बाहेर गवंडी, सुतार, वायरमन, संगणकवाले, सगळे दाटीवाटीनं उभे होते. रेघबाई दारातून बाहेर आली तशी मुकादमानं टाळी वाजवली आणि मग कॉरिडॉर दणाणला. आतून एका सिस्टरनं बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना दटावलं, तशी ती माणसं हात हवेत तसेच ठेवून बिनआवाजाची टाळी वाजवत राहिली. चिठ्ठ्याबुवाचे डोळे भरले होते आणि तो ते शर्टाच्या बाहीनं पुसत हसत होता.

अधीक्षक आले, हात पुढे केला, आणि शेजारची प्रौढांची इमारतही अशीच करायची आहे, घेता का, म्हणून विचारलं. तिनं चिठ्ठ्याबुवाकडे बोट दाखवून सांगितलं, हा असेल तर घेते.

मग ती खाली उपाहारगृहात गेली, भरलेलं ताट घेतलं आणि भर दुपारी, कुठलीही घाई नसल्यासारखी, दोनदा वाढून घेऊन जेवली.