पितळी जाळी आणि पाहुण्यांचे तळवे

आज पंचाहत्तरी गाठणाऱ्या हिरालालसरांची आणि माझी ओळख शहाद्यातल्या माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात झाली. तांदळाच्या दाण्याएवढी वाकडी पितळी शिडी काउंटरवर ठेवून ते म्हणाले, "एवढी सरळ करी दे." ती कुठल्या घड्याळात बसते हे शोधण्यात माझी दुपार गेली. संध्याकाळी सरांनी शांतपणे सांगितले, की ती रणगाड्याची आहे.

शाळेत भूगोल शिकवलेले सर घरी काडेपेटीएवढे प्लॅस्टिकचे रणगाडे जोडतात आणि रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर फासे टाकून लढतो. रणगाड्यांच्या जाळ्या, शिड्या कागदासारख्या पातळ पितळी पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या येतात. त्या ब्लेडने सोडवायच्या, चिमट्याने वाकवायच्या आणि गमाने चिकटवायच्या. चिमट्यातून निसटली की गेलीच! म्हणून सरांच्या घरचा नियम आहे: हरवलेला भाग सापडेपर्यंत झाडू फिरत नाही आणि बाहेर पडणाऱ्याने पायांचे तळवे दाखवायचे.

सर मनाने फार मोठे आहेत. माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा ते रोज माझे दुकान उघडून बसले. घड्याळ एकही दुरुस्त झाले नाही, पण गिऱ्हाईक टिकले.

त्यांची कन्या वैशाली हिला पाहायला धानोऱ्याची मंडळी आली, त्या दिवशी मीही हजर होतो. मुलगा वैशालीच्या मनात भरलेला, त्यामुळे सरांच्या पत्नी कुसुमकाकू देव पाण्यात ठेवून बसल्या होत्या. पाहुणे दारात आले आणि सरांच्या चिमट्यातून इंजिनावरची जाळी उडाली. पोहे झाले, चहा झाला, बोलणी जुळत आली. निघताना सर दारात आडवे उभे राहिले. "जरा तळपाय दखाडा."

"आमी काय चोर शेतस का?" मुलाचे वडील कडाडले.

"अवं, पाव्हनासले जाऊ द्या! पोरनं लगन मोडी जाई!" काकू रडकुंडीला आल्या.

मुलाने मात्र मुकाट्याने पाय वर केला. "सर, मन्हा मोजाले चिकटेल शे."

"हालू नको! वाकी जाई!"

नवरदेव वडिलांच्या खांद्याला धरून एका पायावर उभे, आणि सर चिमटा घेऊन खाली बसलेले. आधी वडीलच हसायला लागले. लग्न तिथेच ठरले.

आता सरांचा हात थरथरतो. हे सगळे सोडायची भाषाही त्यांनी केली होती. पण आता जावईबापू रविवारी धानोऱ्याहून येतात. चिमटा त्यांच्या हातात, हुकूम सरांचा.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि तो हुकूम असाच खणखणीत राहो. शुभेच्छा द्यायला घरी येणाऱ्यांना मात्र नम्र सूचना: आज सकाळीच एक शिडी उडाली आहे. निघताना एकेकाने दारात यावे आणि पाय वर करावा.