खड्ड्यात पुरलेली गाभोळी मासळी

साहेबानं मेलेला मासा माझ्या तोंडावर फेकून मारला. काटा गालात घुसला. रक्त आलं. पाहणीला आलेले लोक बघत होते. त्यातला एक हसला.

तापीकाठच्या एका खासगी वीजकेंद्रात मी जाळी साफ करायचे. यंत्रं थंड ठेवायला पंप नदीचं पाणी ओढतात. पाण्याबरोबर मासे येतात, जाळीवर आपटून मरतात. ते दाताळ्यानं ओढून काढायचे, हे माझं काम. आम्ही भोई. घरच्यांची जाळी नदीतून रिकामी निघायची आणि मी इथं मेलेली मासळी टोपल्यांनी उपसायचे. पोटासाठी गप्प होते.

गावानं ओरड केली. मासळीचं किती नुकसान होतं याचा अंदाज काढायला पथक आलं. त्या सकाळी साहेब म्हणाला, "गाभोळी मासळी खड्ड्यात पुरा. चिल्लर तेवढी ठेवा." मी आणि माझ्याबरोबर राबणारी माय, दोघींनी पुरली. अंड्यांनी फुगलेली पोटं मातीखाली फुटत होती.

पथकातल्या बाईंनी विचारलं, "रोज एवढेच मासे?"

साहेबानं मान डोलावली. मी म्हटलं, "नाही. बाकीचे पुरलेत."

म्हणून तो मासा.

"भिकारडी जात! तोंडाला घाण मारते हिच्या. काढा बाहेर!"

पहारेकऱ्यानं केस धरून मला फरफटत नेलं. माय मध्ये पडली. त्यानं काठी तिच्या मनगटावर घातली. हाड मोडलं. तो आवाज मी ऐकला.

मी दाताळं उचललं. त्याच्या खांद्यात हाणलं. तो गुडघ्यावर आला. साहेब पळाला.

मोडका हात छातीशी धरून माय म्हणाली, "आते मांगे सरू नको. खंद बठ्ठं."

मी सगळा खड्डा उकरला. मासळी वर आली. बाईंनी नाकाला रुमाल लावला. पथकाचा प्रमुख म्हणाला, "जाळीवरचेच मासे हिशेबात धरतात. खड्ड्यातले अंदाजात बसत नाहीत."

तेव्हा कळलं. मारणारा दाखवेल तेवढंच मेलेलं.

काम गेलं. माझ्यावर केस आहे. मायचा हात वाकडाच जुळला.

परवा भोईवाड्यात मी उभी राहिले. म्हटलं, पथकाची वाट बघणं बंद. पंपाच्या तोंडाशी होड्या आडव्या लावायच्या. पंप थांबेपर्यंत हलायचं नाही. एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "त्यांनी काठी उचलली तर?"

मी म्हटलं, "वल्हं शे ना आपला हातमा."