वाकड्या मुळातली फाईल

दाताचं मूळ सरळ असतं, असं फक्त पुस्तकातल्या चित्रांना वाटतं. वीसेक वर्षं मीरा रोडला दातांचा दवाखाना चालवतेय, आणि दाढांची मुळं वाकडीच बघतेय. मुळातल्या केसाएवढ्या नळीत फाईल फिरवून ती साफ करायची, म्हणजे रूट कॅनल. पूर्वीच्या स्टीलच्या फाईल हाताने फिरवायच्या. वळणावर त्या अडायच्या, बोटं भरून यायची, पण तुटण्याआधी बऱ्याचदा त्यांचे पीळ सुटलेले दिसायचे. आताची मोटरवरची निकेल-टायटॅनियमची फाईल वळणावर झकास वाकते, आणि थकली तरी दिसायला नवीकोरी. म्हणून माझा नियम होता: फार वाकड्या मुळात फिरलेली फाईल टाकून द्यायची.

त्या दुपारी खुर्चीत चौक गावची मावशी होती, माझी नेहमीची मासेवाली. खालची दाढ, मूळ भलतंच वळलेलं. हातातली फाईल सकाळीच अशा एका दाढेत फिरून, निर्जंतुक होऊन आली होती. चांगली तर दिसतेय, म्हटलं, चालेल अजून एकदा. हाताला बारीकशी टिचकी जाणवली. फाईल बाहेर काढली तर टोक गायब. एक्सरेत ते मुळाच्या वळणावर अडकलेलं स्वच्छ दिसलं. उकरायला गेले असते तर मूळच फुटलं असतं, म्हणून तुकडा तिथेच ठेवून वरची नळी भरली.

"झालं का गो पोरी?"

"झालं मावशी. जरा वाकडं होतं मूळ."

हे खोटं नव्हतं, त्यामुळे जीभ अडखळली नाही.

दाढ बरी झाली. वर्षभर मावशी बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक सांगायची आणि मी उभी राहून हसायचे. परवा ती तपासणीला आली. एक्सरे उत्तम होता, मुळाखालचं हाड भरून आलं होतं. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण तोंड पुसता पुसता ती म्हणाली, "हाताला गुण हाय तुज्या," आणि मला माझीच शिसारी आली. सगळं सांगून टाकलं.

"दुखंल काय फुडं?"

"बहुतेक नाही."

तिने रुमाल पिशवीत कोंबला.

"वर्सभर माज्यासमोर हसत व्हतीस, तवा तुला ठावं व्हतं?"

"हो."

तिने पिशवी उचलली आणि गेली.

शनिवारी मी मुद्दाम बाजारात गेले. तिने दोन पापलेटं काढली, पण माझ्या पिशवीत टाकली नाहीत. माझ्यापुढे धरली. "कल्ले बघून घे," म्हणाली.

मासा ताजा आहे का ते कल्ल्यांच्या रंगावरून कळतं, पण इतक्या वर्षांत तिने मला कधी कल्ले बघायला लावले नव्हते. मी बघितले.