साडेआठची उपासना

डिसेंबरचा दुसरा शनिवार. दुपारी तीन वाजता मी चर्चमधले बाक ओल्या फडक्याने पुसत होते आणि प्रत्येक बाकावर चार-चार चिठ्ठ्या ठेवत होते. संध्याकाळी तिथे जॅझचा कार्यक्रम होता. दरवर्षी थंडीत दोन दिवस हा महोत्सव असतो आणि त्यासाठी आमचं चर्च देतात. दगडी भिंतींत वाद्यं चांगली वाजतात म्हणे.

चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'उद्या रविवारी सकाळी साडेआठला याच बाकांवर मराठी उपासना आहे. अवश्य या.' त्याच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या. महोत्सवाचं काम बघणारी बाई म्हणाली, खाली इंग्रजीतही लिहा. मी म्हटलं, मराठी वाचता न येणाऱ्याला मराठी उपासनेला बोलावून मी काय करू? 

चिठ्ठ्यांचं कारण माझ्या सासूबाई. वय एक्क्याऐंशी. लग्न होऊन आल्यापासून साडेआठच्या उपासनेत पेटी त्या वाजवतात. चर्चला अजून देऊळच म्हणतात. या उपासनेला आता दहा-अकरा माणसं येतात. बाकीच्यांची मुलं परदेशी गेली, नाहीतर दहाच्या इंग्रजी उपासनेला जातात. पंचांनी, म्हणजे चर्चच्या कमिटीने, ठरवलं होतं की डिसेंबरात हजेरी वाढली नाही तर नव्या वर्षापासून मराठी उपासना बंद. मराठी मंडळींनी पुण्याच्या टोकाला, मांजरीच्या चर्चला जावं. तिकडे नव्या सोसायट्या झाल्यात, उपासना जोरात चालते. आमच्या शनिवार पेठेतून मांजरीला रिक्षाने तास लागतो, आणि सासूबाईंना वॉकर घेऊन जिना उतरायलाच दहा मिनिटं लागतात. शिवाय मांजरीला पेटी नाही, कीबोर्ड आहे. हजेरीची वही माझ्याकडे असते, त्यामुळे परिस्थिती मला कोणी समजावून सांगायला नको होती.

पेटी वेदीजवळ असते. ड्रमला जागा हवी म्हणून मी ती उचलून मागच्या खोलीत ठेवली.

सात वाजता चर्च भरलं. नाताळच्या सकाळीही एवढी माणसं मी तिथे पाहिलेली नाहीत. सासूबाई शाल आणि कानटोपी घालून दुसऱ्या बाकावर बसल्या. सॅक्सोफोनवाला एक ओळ धरून तिच्याभोवती फिरत राहिला. मला त्यातलं फार कळलं नाही. सासूबाई वॉकरच्या दांड्यावर बोटांनी ताल धरून होत्या. म्हणाल्या, "भजनात आम्ही हेच करायचो. फक्त एवढा वेळ कोणी देत नसे."

मी चिठ्ठ्यांवर लक्ष ठेवून होते. बहुतेकांनी त्या न वाचता बाजूला सरकवल्या. एकीने लिपस्टिक पुसली. माणसाएवढं बास नावाचं तंतुवाद्य वाजवणाऱ्याचा स्टँड डुगडुगत होता; त्याने पुढच्या बाकावरची चिठ्ठी घेऊन तिची चौघडी केली आणि स्टँडच्या पायाखाली सरकवली. स्टँड नीट बसला. तेवढा एक उपयोग झाला.

कार्यक्रम संपल्यावर पंचविशीतली एक मुलगी चिठ्ठी घेऊन आली. "काकू, उद्याचं फ्री आहे का?"

"फ्रीच आहे. चर्च बांधलं तेव्हापासून."

ती हसली. इथे खूप पीसफुल वाटलं, नक्की येते, म्हणाली. पुण्यात 'नक्की येते' याचा अर्थ मला माहीत आहे. पण सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. घरी जाताना दोनदा म्हणाल्या, ती मुलगी येणार. जेवताना विचारलं, तिला गीतांचं पुस्तक लागेल, बऱ्यातलं एखादं आहे का? मी म्हटलं, "आई, मुली म्हणतात असं."

"म्हणू दे. तू पुस्तक काढ."

मी काढलं. पुठ्ठा सुटला होता, त्याला चिकटपट्टी लावली.

रविवारी आठला जाऊन मी ड्रम भिंतीकडे सरकवले आणि पेटी जागेवर आणली. साडेआठला आम्ही अकरा जण होतो. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, घड्याळ पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पेटीचा भाता उघडलाच नाही. पाच मिनिटं दाराकडे बघत बसल्या. शेवटी पाळकसाहेब खाकरले आणि त्यांनीच पहिल्या गीताचा सूर लावला, तेव्हा त्यांनी भाता उघडला.

दुसऱ्या गीताच्या मध्यावर दार वाजलं. मुलगी नव्हती, तिशीतला एक माणूस होता. दाराशी घुटमळला. सासूबाईंनी त्याला पाहिलं आणि शेवटचं कडवं संपल्यावर न थांबता पेटीवर पुन्हा पहिलं कडवं सुरू केलं. आम्हालाही गावं लागलं. अकरा जणांना जितक्या मोठ्याने गाता येतं तितक्या मोठ्याने गायलो. तो मागून चौथ्या बाकावर बसला. मी पुस्तक नेऊन दिलं. त्याने ते घेतलं, एक कडवंभर अदबीने बसला, मग वाकून बाकाखालून हेल्मेट काढलं.

"सॉरी काकू, काल इथे विसरलं होतं," असं कुजबुजून त्याने पुस्तक परत दिलं आणि आवाज न करता दार लावून गेला. माणूस सभ्य होता.

उपासना झाल्यावर मी हजेरीची वही उघडली. सासूबाई पेटीमागून उठल्या नव्हत्या.

"बारा लिही."

"अकरा होते, आई."

"तो बसला होता ना? पुस्तक होतं त्याच्या हातात."

"हेल्मेटसाठी बसला होता."

"देवळात लोक कशाकशासाठी बसतात, ते तू विचारत सुटणार आहेस का?"

 वही सोमवारी पंचांकडे जाणार होती, आणि वर्षभराची पानं दहा, अकरा, दहा, अकरा अशीच होती. एका माणसाने काही वाचणार नव्हतं. मग खोटं तरी कशाला? मी अकरा लिहिलं. सासूबाईंनी ते लिहिताना पाहिलं आणि वॉकर पुढे ओढला. नव्या वर्षात रविवारी सकाळी काय करायचं, हे वाटेत त्यांनी विचारलं नाही. 

त्यांना घरी सोडून मी चर्चमध्ये परत गेले. बाकांवरच्या आणि बाकांखालच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. स्टँडखालची तेवढी राहू दिली. संध्याकाळी महोत्सवाचा दुसरा दिवस होता, ड्रमला जागा लागणार होती. पेटीचा भाता सासूबाईंनी उघडाच ठेवला होता. तो अडकवला, खोळ घातली आणि पेटी उचलून मागच्या खोलीत ठेवली.