चढ संपल्यावर

उत्तर फ्रान्समध्ये आम्ही पुण्याचे आठजण सायकलवर हिंडत होतो. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं, मधूनच एखादं चर्च. प्रत्येक चढ संपला की जोशीकाका थांबत, एक पाय टेकवत आणि मागे वळून बघत. बाकीचे केव्हाच पुढे गेलेले असत. शेवटी आम्ही दोघंच.

एकदा मी विचारलं, "काका, कुणी राहिलंय का मागे?"

"नाही गं. ही चढाला मागे पडायची. गेल्या वर्षी गेली, पण सवय जात नाही."

माणूस गेल्याचं मनाला कळतं. मानेला कळायला किती वेळ लागत असेल?

काका म्हणाले, "चल, निघू." तरी ते त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभेच राहिले. मीही सायकल धरून उभी राहिले.