बोंडेबाईंची दुरुस्ती

बोंडेबाई खुर्चीत बसून कधी वाचत नसत. कागद हाती आला की उठायच्या, आणि टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत त्यांच्या फेऱ्या सुरू. ओठ हलत असत, डावा हात हवेत काहीतरी चाचपत असे. शहराच्या सदर भागात, दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटंसं कार्यालय. कोर्टात लागणाऱ्या मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं आम्ही करून द्यायचो. मालक, बाई, मी आणि हवेपेक्षा आवाजच जास्त देणारा एक कूलर, एवढाच पसारा. बाईंच्या फेऱ्यांनी मालक वैतागत. "बाई, जरा टेका की!" त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर, "बसली की मले सगळं बरोबरच वाटते. म्हणून बसत नाही."

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा एक कागद परत आणला. एका आईची साक्ष होती. 'पोरगी शहाणी झाली तशी तिची शाळा सोडवली.' शहाणी म्हणजे 'वाइज', असं मी बिनदिक्कत लिहून मोकळी झाले होते.

"पोरगी अक्कलवान झाली म्हणून शाळेतून काढली? हे लिहिताना तुले काहीच खटकलं नाही काय वं?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरीला पाळी आली होती. मी शरमेनं मान खाली घातली. बाई तोवर दारापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. "शब्द एकटा नको वाचू. कोण बोलून राहिलं, कोणाबद्दल बोलून राहिलं, ते पाह्य. अन् एक ध्यानात ठेव, हुशार माणसाले उत्तर लवकर सापडते. तेच त्याचं दुखणं."

या एका घराण्यातल्या शब्दांनी बाईंना जन्मभर छळलं. अक्कल, समज, बुद्धी, हुशारी, विवेक. बोलता बोलता मध्येच थांबून विचारायच्या, "ज्ञानी माणूस बेअक्कल असू शकते काय?" आपणच उत्तर द्यायच्या, "असते. मी दोघं-तिघं पाहिले." डबा खातानासुद्धा त्यांना चैन नसे. पोळीचा घास हातात धरून म्हणायच्या, "समजदार म्हणजे समजूतदार नव्हे. समजूतदार बाईले लोक सारखं ऐकूनच घ्यायला लावतात."

आणि अशा बाईंचाच पाय घसरला.

नरखेड तालुक्यातल्या एका गावचं प्रकरण होतं. गोदाबाई नावाची पन्नाशीची बाई, वडिलांनी दिलेल्या संत्र्याच्या बागेत एकटी राहायची. तिला व्यवहार कळत नाही, तिचा आणि बागेचा ताबा आम्हाला द्या, म्हणून दोन भाऊ कोर्टात गेले होते. खालच्या कोर्टात ते हरले होते. आता वरच्या कोर्टात अपील होतं, आणि भावांच्याच वकिलानं कागद आमच्याकडे दिले होते. त्यात शेजारणीची साक्ष होती, 'गोदी येडी नाही, पन शहानीबी नाही.' बाईंनी लिहिलं की तिचं मन पुरतं ठिकाणावर नाही. खाली सही केली. कागद गेले.

महिन्याभरानं बाई सकाळी आल्या त्या डब्याशिवाय. चेहरा उतरलेला. शहराच्या कडेला बेसा वस्तीत त्यांच्या घरासमोर भाजीची गाडी उभी राहते. तिथं एक बाई दुसरीला सांगत होती, "तिच्यापासून दूरच राह्य, लई शहानी आहे ते. गोड बोलून गंडवते."

"माझी मायसुद्धा असंच बोलायची," बाई म्हणाल्या. "माझं माहेरच नरखेडकडचं. अन् मीच विसरली! शहानी म्हणजे कावेबाज. ते शेजारीण सांगून राहिली होती की गोदा कोणाले फसवत नाही. अन् मी तिले येड्यात काढलं."

त्यांनी लगेच दुरुस्तीचा कागद तयार केला. मालक हादरले. "बाई, पक्षकार आपला आहे! त्याच्याच विरुद्ध कागद देता? शहाणपणाचं वागा जरा."

"साहेब, कोणतं शहाणपण म्हणून राहिले तुम्ही?" बाईंचा आवाज चढला नाही. "भाजीच्या गाडीवरचं, का दुसरं?"

मालक म्हणाले, हा कागद बाहेर गेला तर उद्यापासून येऊ नका. बाईंनी दुरुस्तीच्या दोन प्रती काढल्या, दोन्ही बाजूंच्या वकिलांना स्वतः नेऊन दिल्या, आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. त्या वेळी मी माझ्या टेबलाशी बसले होते. एक शब्द बोलले नाही. नोकरी नवी होती, घरी आई आजारी होती, आणि ही कारणं मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले.

वरच्या कोर्टानं मूळ मराठी साक्ष वाचून घेतली आणि अपील फेटाळलं. बाग गोदाबाईकडेच राहिली. ही बातमी घेऊन मी धावतच बेस्याला गेले. वाटलं होतं, बाई आता तरी निवांत होतील.

त्या गॅलरीत येरझाऱ्या घालत होत्या. "तीस वर्षं सह्या केल्या मी. असे किती कागद गेले असतील? त्यांच्यासाठी कोणती भाजीची गाडी आली?"

"बाई, पण गोदाबाईची बाग तुमच्यामुळे वाचली."

"माझ्यामुळंच तर गेली असती, पोरी."

त्यांच्या फेऱ्या चालूच राहिल्या. चहा निवून गेला. नंतरही मी जात राहिले. दर वेळी एखादं जुनं प्रकरण त्यांना आठवलेलं असायचं, एखादा शब्द टोचत असायचा. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेतच गेल्या असं त्यांच्या सुनेनं सांगितलं, तेव्हा मला आधी आश्चर्यच वाटलं की बाई झोपल्या कशा.

परवा सावनेरकडच्या एका खाणकामगाराचा जबाब आला. त्यात एक शब्द होता. संदर्भावरून अर्थ बसवता आला असता, वाक्यही छान झालं असतं. मी चार जणांना विचारलं, कुणालाच नेमकं सांगता येईना. शेवटी मी खाली टीप लिहिली, 'हा शब्द मला समजलेला नाही. साक्षीदाराला विचारावा.'

मालकांनी वाचलं. "अहो, असं लिहून देतात का? आपली अक्कल काढतील लोक." त्यांनी टीप खोडायला पेन उघडलं.

मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि टिपेखाली सही केली.